अस्सल बरहुकूम नक्कल

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, वय ६३, पुण्यात सहकारनगरला राहते. गेली अकरा वर्षं मोडी लिपी शिकवते. २०१७ साली भाच्याने मला वेबसाइट करून दिली. तिच्यावर मी बोरूने काढलेले मुळाक्षरांचे तक्ते, सरावाचे ४२ कित्ते आणि जुन्या कागदांची लिप्यंतरं टिपांसकट ठेवली आहेत. सगळं फुकट. गेल्या दिवाळीत एका विद्यार्थिनीने व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ दाखवली. कित्ते माझेच, तळाचं माझं नाव कापलेलं आणि वर भलत्याच क्लासचं नाव व फोन नंबर! मग भाच्याने राइट क्लिक बंद केलं, मजकूर निवडता येणार नाही असं केलं, चित्रांवर माझं नाव तिरकं टाकलं. फेब्रुवारीत पुन्हा तेच, नव्या कित्त्यांसकट. आता भाचा म्हणतो, टिपासुद्धा चित्रं करून टाकू, नाहीतर लॉगिन ठेवू. एक कंपनी वर्षाला अठरा हजारांत 'शंभर टक्के कॉपीबंदी' करून देते म्हणते. देऊ का? पैशाचं सोडा, पण नाव असं कापलेलं पाहिलं की रात्री झोप लागत नाही.
– मोडीच्या बाई

उत्तर:

बाई (तुमचे विद्यार्थी म्हणतात तेच मीही म्हणतो), अठरा हजार देऊ नका.

बाकीचं उत्तर लांबेल, पण एवढं आधी सांगून टाकलं. कारण ती कंपनी परवा पुन्हा फोन करेल आणि सवलत आजच संपतेय म्हणून सांगेल.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी चहाचा कप घेऊन तुमच्या साइटवर गेलो. राइट क्लिक केलं. 'येथील मजकूर संरक्षित आहे' अशी पाटी वर आली. आपल्या गावात पाट्यांचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार! 'फाटकासमोर गाडी लावू नये' याच्या बरोब्बर खाली दोन स्कूटर आणि एक टेम्पो उभा असतो. मग कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबली. पानाच्या पोटातली सगळी लिखावट समोर आली, प्रत्येक कित्त्याच्या चित्राच्या पत्त्यासकट. फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून धरून राइट क्लिक केलं, तर पाटीबिटी काही आली नाही, नेहमीची यादी सरळ उघडली. ही सोय ब्राउजर बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली आहे. शेवटी मोबाइलवर स्क्रीनशॉट काढला, जो माझी सातवीतली पुतणी डोळे मिटून काढते. कप अर्धा व्हायच्या आत तुमचे पाच कित्ते माझ्याकडे आले होते. (चार पुसून टाकले. पाचवा ठेवलाय, त्याबद्दल नंतर.)

हे असं का होतं, ते तुमच्याच दप्तराच्या भाषेत सांगतो. आपल्याला वाटतं, वेबसाइट म्हणजे संग्रहालयातलं काचेचं कपाट. लोक येतात, काचेतून बघतात आणि जातात. तसं ते नसतंच. वाचक आपल्या घरी बसून तुमच्या सर्व्हरकडे कागद मागतो. सर्व्हर हा तुमचा कारकून. तो मूळ कागद जागेवरून हलवत नाही, त्याची अक्षरशः नक्कल करतो आणि पाठवतो. वाचकाकडे ब्राउजर नावाचा दुसरा कारकून बसलेला असतो. तो ही नक्कल घेतो, उलगडतो, मालकाला वाचून दाखवतो आणि बहुतेक वेळा पुढच्या खेपेला लागेल म्हणून घरातल्या दप्तरात ठेवूनही देतो. म्हणजे तुमची साइट ज्याने ज्याने वाचली, त्याने नक्कलच वाचली. नक्कल झाल्याशिवाय वाचन होतच नाही. 'वाचा, पण कॉपी करू नका' हे वाक्य या व्यवहारात बसत नाही.

मग राइट क्लिक बंद करतात म्हणजे काय करतात? पाठवलेल्या नक्कलेच्या समासात वाचकाच्या कारकुनासाठी एक चिठ्ठी लिहितात, की बाबा रे, तुझ्या मालकाने नक्कल मागितली तर देऊ नकोस. ही चिठ्ठी जावास्क्रिप्ट नावाच्या, ब्राउजरला कळणाऱ्या भाषेत असते. कारकून साधारणपणे ऐकतो, पण चाकरी तो मालकाची करतो. मालक म्हणाला 'चिठ्ठ्या वाचू नकोस', म्हणजे जावास्क्रिप्ट बंद केली, की चिठ्ठी संपली. मजकूर निवडू न देण्याचा उपायही असाच, नुसती चिठ्ठी.

यंत्रांसाठी वेगळी चिठ्ठी असते. साइटच्या दाराशी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची छोटी फाइल ठेवायची आणि कुठे येऊ नये ते तीत लिहायचं. ही पद्धत १९९४ पासून चालत आली, २०२२ मध्ये तिचं रीतसर मानक झालं, आणि त्या मानकातच स्वच्छ लिहिलंय की ही प्रवेशाची परवानगी तपासणारी व्यवस्था नव्हे. सज्जन यंत्रं ती पाळतात. बाकीच्यांना ती वाचायचीही गरज नसते.

ती 'शंभर टक्के'वाली कंपनी काय करेल? चिठ्ठ्यांची संख्या वाढवेल. छापणं अडवेल, बटणं अडवेल, मजकूर फोडून तुकड्यातुकड्यांनी दाखवेल. पण अखेर वाचकाच्या डोळ्यांना अक्षर दिसावंच लागेल, आणि डोळ्याला दिसतं ते दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यालाही दिसतं. चित्रातली छापील देवनागरी ओळखून तिचा मजकूर करून देणारी सोय आता फोनमध्ये फुकट मिळते. म्हणजे भाचा टिपांची चित्रं करेल, आणि उचलणारा त्या चित्रांच्या पुन्हा टिपा करेल. मधल्या मध्ये मरेल तो साधा वाचक.

या साध्या वाचकाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात तो कुठेच नाही. तुमच्या एका लिप्यंतरात सालाच्या जागी 'इहिदे सितैन मया व अलफ' असं आलंय. नवा शिकणारा इथे अडखळतो. तो काय करेल? ते शब्द निवडेल, उचलेल आणि कुठेतरी शोधेल. मग त्याला कळेल की हे सुहूर सनाचे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या एका कालगणनेचे, आकडे आहेत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६०-६१, म्हणजे पानिपताचं वर्ष. हे कळल्यावर त्याच्या अंगावर काटा येईल आणि तो जन्मभर तुमचा होईल. पण तुमच्या पानावर त्याला शब्द निवडताच येत नाही. त्याने काय करावं, अख्खी ओळ कागदावर उतरवून पुन्हा टंकावी? ज्याला शंभर पानं ढापायची आहेत त्याला तुमची पाटी अडवत नाही. ज्याला चार शब्द हवेत त्यालाच ती अडवते.

टिपा चित्रांत गेल्या की आणखी दोघं दाराबाहेर राहतात. ज्यांना दिसत नाही आणि जे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर वाचतात, त्यांच्यासाठी तुमचं पान कोरं होईल. आणि शोधयंत्रांचा भरवसा मजकुरावर असतो, चित्रातल्या अक्षरांवर नाही. 'मोडीतील रवासुदगी म्हणजे काय' असं कुणी शोधलं की उत्तर म्हणून तुमचं पान यायचं बंद होईल आणि तुमचा मजकूर टंकून घेतलेल्या त्या क्लासचं पान वर येईल! तुमचे कित्ते चित्रांत आहेत ते ठीक. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली २०१४ साली, पण बोरूचं वळण दाखवायचं तर हातानेच काढावं लागतं. टिपा आणि लिप्यंतरं मात्र मजकूर म्हणूनच राहू द्या.

हे मी नुसतं तर्काने सांगत नाही, हात पोळलाय. वीस-बावीस वर्षांपूर्वी इथल्याच एका साप्ताहिकाच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा मराठी युनिकोड आजच्यासारखं रुळलेलं नव्हतं. प्रत्येकाचा आपापला फॉन्ट, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला. पडद्यावर सुरेख मराठी दिसायचं, पण कुणी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की नुसता किडामुंग्यांचा गोळा. मालक खूश होते. म्हणायचे, 'घेऊ दे ना, कचराच मिळेल.' मीही मान डोलावली, आणि हे कबूल करताना आजही बरं वाटत नाही. काही वर्षांनी तो फॉन्ट नव्या ब्राउजरांत उतरेना. तीन वर्षांचे अंक आमच्याच सर्व्हरवर पडलेले, आणि आम्हालाच वाचता येईनात. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर मिळाली, त्यांनी निम्म्या जोडाक्षरांचा चुथडा केला.

पुढे एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या वडिलांवर आम्ही छापलेला मृत्युलेख हवा होता. मूळ छापील अंक वाळवीने खाल्लेला. मी नाही म्हणणार, तेवढ्यात आठवलं, चिंचवडच्या एका वाचकाने आमचे आवडलेले लेख हाताने टंकून मित्रांना ईमेलने पाठवायचा उद्योग चालवला होता. त्याबद्दल आम्ही त्याला कडक पत्रही लिहिलं होतं. त्याला शरमत फोन केला. लेख त्याच्याकडे होता, आमच्या नावासकट, तारखेसकट. आमच्या लेखाची जगातली एकमेव वाचण्याजोगी प्रत आमच्या 'चोरा'कडे निघाली.

तुम्ही तर मोडीच्या बाई. तुमचा सगळा विषयच नकलांवर उभा आहे. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा ते रुमालांतून, म्हणजे कापडी गाठोड्यांतून, बाहेर पडून सामान्य वाचकाच्या हाती आले. कचेऱ्यांत अजूनही 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाप्रमाणेच केलेली प्रत, असा शिक्का मारतात. त्या शब्दांत नक्कल करण्याला दोष नाही. ती असलशी जुळते का आणि कुणी ताडून पाहिली, एवढंच विचारलेलं आहे. तुमचं दुखणंही तिथेच आहे, असं मला पत्र वाचताना वाटलं. तुम्ही पैशाचा उल्लेख केलात तो 'सोडा' म्हणायला. झोप उडवतं ते कापलेलं नाव. म्हणजे नक्कल थांबवायची तुम्हाला गरजच नाही. नक्कल नावासकट जावी, एवढंच हवंय. आणि यात बरंच काही करता येतं.

आधी कायद्याने तुमचं काय आहे ते पाहू. अठराव्या शतकातलं पत्र तुमचं नाही, ते आता कुणाचंच नाही. मोडीची बाराखडी तुमची नाही. तुमच्या हातची अक्षरं, कित्त्यांची रचना, टिपांची भाषा मात्र तुमची, आणि त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्या क्षणी हक्क तयार होतो. लिप्यंतराचं थोडं अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक (नाव पाहा!) असं प्रकरण होतं, निकाल डिसेंबर २००७ चा. न्यायालयाचे निकाल कुणालाही छापता येतात, मग प्रकाशकाने ते संपादून छापले तर त्यात त्याचं काय, असा प्रश्न होता. उत्तर साधारण असं आलं की नुसत्या मेहनतीने केलेल्या दुरुस्त्यांनी हक्क मिळत नाही, पण परिच्छेद पाडणं, आतले संदर्भ जोडणं यात जी स्वतःची बुद्धी लावली ती संरक्षित आहे. तुमच्यापुरता मी याचा अर्थ असा घेतो: अक्षराला अक्षर लिप्यंतर म्हणून फार भांडू नका, टिपांसाठी मात्र जरूर भांडा.

आणि नावासाठी वेगळं कलम आहे, ५७ वं. कृती आपली आहे हे सांगण्याचा लेखकाचा हक्क त्यात दिलाय, आणि कॉपीराइट विकून टाकला तरी तो हक्क लेखकाकडेच राहतो.

आता तुम्हाला, किंवा भाच्याला, एक कल्पना सुचेल; सगळ्यांना सुचते. कित्त्यात मुद्दाम एखादी चूक पेरून ठेवायची, म्हणजे चोर सापडेल. सापडतो, पण पुढे काय? अमेरिकेत एका टेलिफोन कंपनीने आपल्या डिरेक्टरीत चार खोटी नावं पेरली होती. दुसऱ्या प्रकाशकाच्या डिरेक्टरीत ती जशीच्या तशी उमटली. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९१ मध्ये टेलिफोन कंपनी हरली, कारण नाव-पत्ता-नंबर ही नुसती माहिती, तिच्यावर मालकी नाही. अलीकडचं उदाहरण आणखी गमतीचं. जीनियस नावाच्या गाण्यांच्या वेबसाइटने शब्दांमधल्या अपॉस्ट्रॉफी कुठे सरळ, कुठे वाकड्या ठेवल्या, अशा की मोर्स लिपीत वाचलं तर 'रेड हँडेड' असे शब्द निघावेत. ती खूण गूगलच्या शोधात दिसणाऱ्या गीतांत सापडली. २०१९ मध्ये दावा झाला, २०२० मध्ये फेटाळला गेला, २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो ऐकायला नकार दिला. गाण्यांचे शब्द मुळात त्या वेबसाइटचे नव्हतेच. शिवाय तुमच्या बाबतीत ही युक्ती मला पापच वाटते. चुकीचं वळण चोर गिरवणार नाही, त्याच्याकडे शिकायला आलेलं पोर गिरवेल.

तर करायचं काय? दिवाळीतल्या त्या पीडीएफवर फोन नंबर आहे म्हणता. फोन करा. वकिलाची नोटीस नंतर, आधी फोन. असं मी दहाएक वाचकांना सांगितलंय, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पलीकडून एकच उत्तर मिळालं, 'अहो, मला तर हे असंच फॉरवर्ड आलं, नाव नव्हतंच.' ते खरंही असू शकतं. कापणारा एक, वाटणारे शंभर. शांतपणे सांगा की हे कित्ते माझे, वापरा, पण नाव टाका, हवी तर नावासकट नीट प्रत पाठवते. तुमच्या 'बाई' आवाजाचा इथे उपयोग करा.

त्याने ऐकलं नाही, आणि तो तुमचे कित्ते आपल्या वेबसाइटवर ठेवून पैसे घेत असेल, तर भाचरूला कामाला लावा. साइट जिथे ठेवलेली आहे त्या सेवेकडे लेखी तक्रार करायची: माझी कृती कोणती, त्याचं पान कोणतं, हक्क माझा कसा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात अशा तक्रारीची सोय आहे. मध्यस्थ सेवेने ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा, आणि २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर ती तो पुन्हा खुला करू शकते. शोधयंत्रांकडेही असे अर्ज असतात आणि ते खर्चाचे नाहीत. जुन्या कित्त्यांच्या मूळ कागदांवर तारखा असतील तर ते कागद जपून ठेवा. एवढं वर्षातून एखाद्याच माणसाविरुद्ध करा. प्रत्येकामागे धावलात तर शिकवाल कधी?

व्हॉट्सॲपवर काय फिरतं ते सोडून द्या. तिथे तक्रारीला पत्ताच नसतो. चित्राच्या फाइलमध्ये लपवून लिहिलेलं नाव साधारणपणे तिथे फोटो पाठवताना गळून पडतं, म्हणून भाच्याने तसली युक्ती काढली तर तिच्यावरही विसंबू नका.

लॉगिन? चोर फॉर्म भरतो हो. त्याला हवंच असतं. जळगावहून रात्री अकरा वाजता आजोबांचं जुनं खतपत्र हातात घेऊन 'हे अक्षर कोणतं' म्हणून तुमच्या पानावर आलेली बाई फॉर्म पाहून निघून जाते.

त्यापेक्षा तुम्हीच सगळ्या ४२ कित्त्यांची एक स्वच्छ पीडीएफ करून साइटवर मोठ्या बटणाखाली ठेवा. प्रत्येक पानावर नाव आणि साइटचा पत्ता. लोक आळशी असतात. स्क्रीनशॉट जोडून जोडून पीडीएफ करण्यापेक्षा तयार मिळाली तर तीच पुढे ढकलतात. आंतरजालावरच्या आपल्या मंडळींचा 'चोप्य-पस्ते' (म्हणजे कॉपी-पेस्ट) हा दुष्टपणापेक्षा बहुतेक वेळा आळसच असतो. त्याच पानावर साध्या मराठीत अट लिहा: कित्ते वापरा, छापा, वाटा, नाव राहू द्या, विकायचे असतील तर आधी विचारा. याच अर्थाचे तयार परवाने क्रिएटिव्ह कॉमन्सने २००२ पासून उपलब्ध करून दिलेत, त्यातला 'नाव द्या, विकू नका' हा प्रकार तुम्हाला चपखल बसेल. आणि ते तिरकं नाव काढून टाका. अक्षराची गाठ कुठून वळली तेच त्याच्याखाली दिसत नाही.

आता नाव कुठे टाकायचं. तुम्ही ते पानाच्या तळाशी टाकता, म्हणजे कात्री चालवायच्या जागीच. आपल्या संतांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. त्यांच्याकडे ना छापखाना ना कायदा, अभंग तोंडातून तोंडात आणि वहीतून वहीत जाणार हे ठरलेलंच. तेव्हा त्यांनी नाव शेवटच्या चरणाच्या आतच विणून टाकलं. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे'. नाव काढायचं तर चरण मोडतो, चाल अडखळते. संतांच्या नावाच्या खोट्या मुद्रा लावून दुसऱ्यांनी अभंग रचले हेही खरं, म्हणजे उपाय अचूक नाही. पण साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ अशा प्रवासात टिकलेलं दुसरं काही मला माहीत नाही.

तुम्हाला तर याहून सोपं आहे, बाई. तुमचं नाव देवनागरीत लिहूच नका. कित्त्याच्या मजकुरात, तिसऱ्या-चौथ्या ओळीत, मोडीतच लिहा. 'हा कित्ता अमुकबाईंनी सहकारनगर, पुणे येथे बोरूने काढिला' असं साधं वाक्य, बाकीच्या ओळींच्याच वळणात, त्याच शिरोरेघेखाली. ज्याला कापाकापी करायची आहे त्याला मोडी येत असण्याचा संभव फार कमी. आली असती तर त्याने स्वतःचे कित्ते काढले असते. त्यामुळे तो तळाचं नाव कापेल, वर स्वतःचा फोन नंबर टाकेल आणि मधे तुमचं नाव मिरवत शंभर घरांत पाठवेल. आणि त्या शंभरातलं जे पोर मनापासून शिकेल, ते ज्या दिवशी ती ओळ वाचू लागेल त्या दिवशी तुमचं नाव वाचेल. क्लासवाल्याला तेव्हा काय सांगेल ते मला ऐकायला आवडेल.

सगळे ४२ पुन्हा काढायला लागतील, माहीत आहे. घाई नाही. जे जास्त फिरतात ते दहा-बारा आधी काढा. भाच्याला म्हणावं, राइट क्लिक आजच सोडून दे.

आता तो पाचवा कित्ता. मी तो छापून घेतला, बऱ्यापैकी कागदावर. लहानपणी आजोबांना मोडीत हिशेब लिहिताना पाहिलं होतं, स्वतः कधी हात घातला नव्हता. तुमच्या टिपेत सांगितल्याप्रमाणे आधी डावीकडून उजवीकडे पूर्ण रेघ ओढली आणि मग अक्षरं खाली टांगत गेलो. तीन ओळी झाल्या आहेत. फोटो सोबत जोडलाय. दुसऱ्या ओळीतलं चौथं अक्षर माझं मलाच वाचता येत नाही. तपासून द्याल?